ल्यूक ली : अजिंक्य संघाचा कारभारी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात कम्बरलँड पठारावर सवानी नावाचे एक लहानसे गाव आहे. येथील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १८९९ च्या हंगामात बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. त्यांपैकी पाच सामने अवघ्या सहा दिवसांत, पाच वेगवेगळ्या शहरांत आणि सुमारे चार हजार किलोमीटरच्या रेल्वे प्रवासात झाले. या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळवता आला नाही. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात या दौऱ्याला तोड नाही. मात्र, ज्या तरुणाने हा दौरा आखला तो खेळाडू नव्हता. तो संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक होता आणि त्याचे वय होते अवघे वीस वर्षे. त्याचे नाव ल्यूक ली.

पुढील आयुष्यात याच तरुणाने एक मोठे दैनिक स्थापन केले, बत्तिसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोहोचला, पहिल्या महायुद्धात त्याने तोफखान्याच्या रेजिमेंटचे नेतृत्व केले आणि युद्ध संपताच पदच्युत जर्मन सम्राटाला ताब्यात घेण्यासाठी तो थेट हॉलंडमध्ये जाऊन धडकला. टेनेसीच्या राजकारणाची सूत्रे अनेक वर्षे त्याच्या हातात होती आणि अखेर त्याच हातांत बेड्याही पडल्या. इतक्या टोकाच्या घटना एकाच आयुष्यात क्वचितच एकत्र येतात. या साऱ्यांच्या मुळाशी असलेला स्वभाव मात्र १८९९ च्या त्या शरद ऋतूतच पुरता प्रकट झाला होता.

बिशपांचे विद्यापीठ

ल्यूक ली यांचा जन्म १२ एप्रिल १८७९ रोजी नॅशव्हिल येथे झाला. घराणे जुने आणि संपन्न होते. त्यांचे पणजोबाही ल्यूक ली याच नावाचे होते आणि त्यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये टेनेसीचे प्रतिनिधित्व केले होते. राजकारण हे या घरात नवखे नव्हते. उच्च शिक्षणासाठी ली सवानीच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’मध्ये दाखल झाले.

एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेकडील बिशपांनी १८५७ मध्ये या विद्यापीठाची स्थापना केली होती. यादवी युद्धामुळे प्रत्यक्ष अध्यापन सुरू होण्यास १८६८ साल उजाडले. डोंगरमाथ्यावरील या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या अत्यंत मर्यादित होती. दक्षिणेतील मोठ्या राज्य विद्यापीठांशी त्याची तुलना होण्यासारखी नव्हती. त्या काळी येथे लांब सुटी हिवाळ्यात असे आणि उन्हाळ्यात वर्ग चालत. त्यामुळे अन्य विद्यापीठांचे विद्यार्थी सुटीवर असताना सवानीचे खेळाडू एकत्र सराव करू शकत. संघाच्या तयारीला याचा मोठा उपयोग झाला.

त्या काळचा अमेरिकी फुटबॉल हा आजच्यापेक्षा बराच वेगळा आणि कितीतरी अधिक क्रूर होता. तो आपल्याकडील फुटबॉलपेक्षा रग्बीच्या जवळचा. चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडायची आणि तो शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा, हे खेळाचे सार. अशा ‘टचडाउन’ला तेव्हा पाच गुण मिळत. चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा १९०६ पर्यंत नव्हती. त्यामुळे खेळाडूंचे जथेच्या जथे एकमेकांवर आदळत. शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. एकदा मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येता येत नसे. परिणामी, दुखापत झाली तरी बहुतेक जण खेळत राहत. अशा खेळात एक सामना झाल्यावर शरीराला आठवडाभराची विश्रांती लागते, ही साधी समजूत होती. ली यांनी ती धुडकावून लावली.

पैशाच्या चणचणीतून निघालेला दौरा

सवानीचा खरा प्रतिस्पर्धी होता नॅशव्हिलचा व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा संघ. या दोघांमधील वार्षिक सामन्याला मोठी गर्दी लोटे आणि तिकीटविक्रीतून संघाचा वर्षभराचा खर्च बऱ्याच अंशी निघे. मात्र, या उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन्ही संघांत वाद झाला आणि १८९९ चा सामनाच होऊ शकला नाही. सवानीच्या तिजोरीला मोठे खिंडार पडण्याची चिन्हे दिसू लागली.

संघाचा व्यवस्थापक या नात्याने हा प्रश्न ली यांच्यासमोर उभा राहिला. एरवी एखाद्या विद्यार्थ्याने वर्गणी गोळा केली असती किंवा हंगामातील सामने कमी केले असते. ली यांनी नेमके उलट केले. त्यांनी टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांतील संघांशी पत्रव्यवहार करून सामने निश्चित केले. लांबच्या प्रवासाचा खर्च एकाच सामन्याच्या उत्पन्नातून निघणार नव्हता. मुक्काम वाढला, तर निवासाचा आणि भोजनाचा खर्च वाढणार होता. त्यामुळे एकाच फेरीत, शक्य तितक्या कमी दिवसांत, शक्य तितके अधिक सामने खेळायचे, असे गणित त्यांनी मांडले. रात्री रेल्वेत झोपायचे आणि दिवसा मैदानावर उतरायचे, अशी ती योजना होती. कागदावर ती चोख होती. तिची किंमत खेळाडूंच्या शरीरांना मोजावी लागणार होती, एवढीच त्यात मेख होती.

अर्थात, हा संघ सामान्य नव्हता. प्रिन्स्टनमधून आलेले बिली सूटर हे त्याचे प्रशिक्षक होते. ‘डिडी’ या टोपणनावाने ओळखले जाणारे हेन्री सिबेल्स हे कर्णधार होते. ऑक्टोबरमध्ये जॉर्जियाला १२-०, जॉर्जिया टेकला ३२-० आणि टेनेसी विद्यापीठाला ४६-० असे हरवून संघाने हंगामाची सुरुवात केली होती. ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन विद्यापीठाचा ५४-० असा धुव्वा उडाला. त्यानंतर चारच दिवसांनी संघ दौऱ्यावर निघाला.

सहा दिवस, पाच मैदाने

७ नोव्हेंबर १८९९ रोजी जेमतेम वीस-एकवीस खेळाडूंचा चमू झोपण्याची सोय असलेल्या रेल्वेच्या डब्यातून सवानीहून रवाना झाला. परमुलखातील पाण्याने खेळाडू आजारी पडू नयेत, म्हणून सवानीच्या झऱ्याचे पाणी पिंपांत भरून सोबत घेण्यात आले होते, असे सांगितले जाते. गाडी सुटल्यानंतर खेळाडूंचे बूट मागेच राहिल्याचे ध्यानात आले आणि ली यांना तारा पाठवून ते मागवून घ्यावे लागले, ही आठवणही सवानीत आजवर सांगितली जाते. संघासोबत कॅल बरोज नावाचे कृष्णवर्णीय मालिशकार होते. वंशभेदाच्या त्या काळात संघात खेळणे त्यांच्यासाठी अशक्य होते. मात्र रोजच्या आघातांनी खिळखिळे झालेले देह दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी उभे करण्याचे काम त्यांच्याकडे होते. या दौऱ्याच्या यशात त्यांचा वाटा किती मोठा होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर रोजी ऑस्टिन येथे टेक्सास विद्यापीठाविरुद्ध पहिला सामना झाला. या सामन्यात कर्णधार सिबेल्स यांचे डोके फुटले. जखमेवर पट्टी बांधून ते खेळत राहिले. सवानीने सामना १२-० असा जिंकला. रात्रीचा प्रवास करून संघ ह्यूस्टनला पोहोचला आणि शुक्रवारी टेक्सास ए अँड एमला १०-० असे पराभूत केले. पुन्हा रात्रीचा प्रवास. शनिवारी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनविरुद्ध २३-० असा विजय मिळाला. तीन दिवसांत तीन राज्य-पातळीवरचे संघ गारद झाले होते.

रविवारी सामना नव्हता. चर्चच्या विद्यापीठाने रविवारी खेळणे शक्यही नव्हते. या एका दिवसाच्या विश्रांतीनंतर सोमवारी, १३ नोव्हेंबरला बॅटन रूज येथे लुइझियाना राज्य विद्यापीठाविरुद्धचा सामना ३४-० असा जिंकण्यात आला. थकलेल्या संघाने दौऱ्यातील सर्वांत मोठा विजय चौथ्या सामन्यात मिळवावा, ही बाब आजही चकित करते. मंगळवारी मेम्फिस येथे मिसिसिपी विद्यापीठाला १२-० असे हरवून दौऱ्याची सांगता झाली. पाच सामन्यांत सवानीचे एकूण गुण ९१ आणि प्रतिस्पर्ध्यांचे शून्य.

सवानीत परतल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता तोच, २० नोव्हेंबरला संघाने कम्बरलँडला ७१-० असे चिरडले. हंगामातील खरी कसोटी मात्र अद्याप बाकी होती. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरी येथे ऑबर्नशी गाठ पडली. ऑबर्नचे प्रशिक्षक होते जॉन हाइसमन. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत प्रतिष्ठेचा वैयक्तिक पुरस्कार आज ज्यांच्या नावाने दिला जातो, तेच हे हाइसमन. ऑबर्नने वेगवान खेळ करून सवानीला जेरीस आणले आणि हंगामात प्रथमच सवानीविरुद्ध गुण नोंदवले. अखेर सवानीने ११-१० अशी एका गुणाने बाजी मारली. पंचांच्या निर्णयांवर संतापलेल्या हाइसमन यांनी नंतर वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली. दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला अटलांटा येथे नॉर्थ कॅरोलायनाला ५-० असे नमवून सवानीने हंगाम संपवला. बारा सामने, बारा विजय. स्वतःचे गुण ३२२, विरुद्ध गुण अवघे १० आणि तेही सगळे एकट्या ऑबर्नचे.

ली यांच्या भावी आयुष्याच्या दृष्टीने या हंगामाने एक गोष्ट सिद्ध केली. इतरांना जे अशक्य वाटते ते वेळापत्रक, पैसा आणि माणसे यांची नीट जुळणी केली तर साध्य होऊ शकते, हा धडा त्यांना विसाव्या वर्षीच मिळाला. हा धडा खराच होता. मात्र, तो इतक्या लवकर आणि इतक्या झळझळीत यशासह मिळाला की, त्याच्या मर्यादा समजून घेण्याची वेळ त्यांच्यावर फार उशिरा आली.

वृत्तपत्र, खून आणि सिनेट

सवानीतील शिक्षण संपवून ली कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकले आणि १९०३ मध्ये नॅशव्हिलला वकिली करू लागले. वकिलीत त्यांचे मन फारसे रमले नाही. १९०६ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य अधिवेशनात माजलेल्या गोंधळात त्यांनी पुढे होऊन सूत्रे हाती घेतली आणि त्यांचे नाव राज्यभर झाले. याच वर्षी त्यांचा मेरी लुईस वॉर्नर यांच्याशी विवाह झाला. पुढच्याच वर्षी, मे १९०७ मध्ये त्यांनी ‘नॅशव्हिल टेनेसियन’ हे दैनिक सुरू केले.

त्या काळी टेनेसीचे राजकारण दारूबंदीच्या प्रश्नाने ढवळून निघाले होते. ली यांचे दैनिक दारूबंदीच्या बाजूने उभे ठाकले. माजी सिनेटर एडवर्ड कारमॅक यांच्याकडे संपादकपद सोपवण्यात आले. कारमॅक यांच्या लेखणीला धार होती आणि गव्हर्नर माल्कम पॅटरसन यांचा गट तिचे मुख्य लक्ष्य होता. ९ नोव्हेंबर १९०८ रोजी नॅशव्हिलच्या रस्त्यावर पॅटरसन यांचे निकटवर्ती कर्नल डंकन कूपर आणि त्यांचे पुत्र रॉबिन यांच्याशी कारमॅक यांची गाठ पडली. गोळीबार झाला आणि कारमॅक जागीच ठार झाले.

एका संपादकाच्या या हत्येने राज्य हादरले. पुढील दोनच महिन्यांत गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने दारूबंदीचा कायदा संमत केला. १९१० मध्ये पॅटरसन यांनी डंकन कूपर यांना माफी दिली, तेव्हा असंतोषाचा कडेलोट झाला. डेमोक्रॅटिक पक्षात उभी फूट पडली. बंडखोर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांच्या आघाडीने बेन हूपर यांना गव्हर्नरपदी निवडून आणले. या आघाडीच्या शिल्पकारांमध्ये ली आघाडीवर होते.

त्या वेळी अमेरिकी सिनेटर हे आपल्याकडील राज्यसभा सदस्यांप्रमाणेच राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. जानेवारी १९११ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने ली यांची निवड केली. ४ मार्चला त्यांचा कार्यकाळ सुरू झाला तेव्हा वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्यास त्यांना महिनाभराहून अधिक अवधी होता. तत्कालीन सिनेटमधील ते सर्वांत तरुण सदस्य होते. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सुधारणांचे आणि स्त्रियांच्या मताधिकाराचे त्यांनी समर्थन केले. तथापि, १९१३ च्या घटनादुरुस्तीने सिनेटरची निवड थेट जनतेकडे गेली. पक्षांतर्गत निवडणुकीत ली यांना उमेदवारी मिळू शकली नाही. १९१७ मध्ये त्यांची सिनेटमधील कारकीर्द संपली, ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

कैसरच्या दारात

त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली. अडतीस वर्षांच्या माजी सिनेटरला मागे राहून मानाचे एखादे पद मिळू शकले असते. ली यांनी टेनेसीतील स्वयंसेवकांची तोफखाना रेजिमेंट उभारली. ११४ वी फील्ड आर्टिलरी या नावाने ती फ्रान्समध्ये दाखल झाली. कर्नल ली यांच्या नेतृत्वाखाली ती सेंट मिहिएल आणि म्यूझ-आर्गोन येथील लढायांत लढली. या कामगिरीबद्दल ली यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल प्रदान करण्यात आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. जर्मन सम्राट दुसरा विल्हेम तटस्थ हॉलंडमध्ये पळून गेला आणि आमेरोंगेन येथे काउंट बेंटिंक यांच्या गढीत आश्रयाला राहिला. लाखो माणसांच्या मृत्यूला कारणीभूत ठरलेला सम्राट सुखरूप राहतो, ही बाब ली यांना सहन होत नव्हती. त्याला पकडून पॅरिसमध्ये अध्यक्ष विल्सन यांच्यासमोर उभे करायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. रेजिमेंटचा मुक्काम लक्झेंबर्गमध्ये होता. रजा घेऊन, तीन अधिकारी आणि तीन सार्जंट सोबत घेऊन ते मोटारींतून निघाले. या अधिकाऱ्यांमध्ये कॅप्टन लॅरी मॅकफेल होते. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये रात्रीचे सामने प्रकाशझोतात सुरू करणारे संघचालक म्हणून पुढे त्यांचे नाव झाले. ब्रसेल्स येथे अमेरिकी राजदूताकडून मिळवलेली पारपत्रे त्यांच्याजवळ होती. आपण नेमके कशासाठी निघालो आहोत, हे मात्र ली यांनी सहकाऱ्यांनाही अखेरपर्यंत पूर्णपणे उलगडून सांगितले नव्हते.

५ जानेवारी १९१९ रोजी रात्री हे सात अमेरिकी सैनिक गणवेशात आमेरोंगेनच्या गढीच्या दाराशी उभे राहिले. त्यांना ग्रंथालयात बसवण्यात आले. काउंटचे पुत्र आणि नंतर स्वतः काउंट भेटीला आले. ली यांनी सम्राटाची भेट मागितली. आपण अमेरिकी सरकारचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून आला असाल, तरच भेट मिळेल, असा निरोप आतून आला. हाच क्षण निर्णायक होता. होकाराचा एक शब्द उच्चारला असता, तर कदाचित कैसर समोर आला असता. मात्र, खोटे बोलण्यास ली तयार झाले नाहीत. आपण अधिकृत प्रतिनिधी नसल्याचे त्यांनी मान्य केले. एव्हाना गढीभोवती डच सैनिकांची फळी उभी राहिली होती. सातही जण रिकाम्या हातांनी बाहेर पडले. अगदीच रिकाम्या म्हणता येणार नाही. कारण मॅकफेल यांनी सम्राटाची मुद्रा असलेले एक रक्षापात्र खिशात घातले होते.

एका तटस्थ देशात घुसून केलेला हा उपद्व्याप आंतरराष्ट्रीय पेचप्रसंगाला कारण ठरू शकला असता. लष्कराने चौकशी केली. ली यांना ताकीद देण्यात आली, खटला मात्र भरला गेला नाही. मायदेशी ते वीर ठरले. याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांनी पर्सी वॉर्नर या त्यांच्या धाकट्या भगिनीशी विवाह केला. फ्रान्समधून परतण्यापूर्वी माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या उभारणीतही ली यांचा सहभाग होता.

सत्तेचे शिखर आणि कडेलोट

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ली स्वतः निवडणुकीला उभे राहिले नाहीत. परंतु टेनेसीत कोण उभे राहणार, हे ठरविणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होऊ लागली. गव्हर्नर ऑस्टिन पे यांना त्यांच्या दैनिकाचे पाठबळ होते. १९२७ मध्ये पे यांच्या निधनानंतर हेन्री हॉर्टन गव्हर्नर झाले आणि ली यांचा शब्द अंतिम मानला जाऊ लागला. १९२९ मध्ये सिनेटर लॉरेन्स टायसन यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा हॉर्टन यांनी ली यांना देऊ केली. ली यांनी ती नाकारली. पडद्यामागे राहून सत्ता चालवण्यात त्यांना अधिक रस होता.

याच काळात त्यांची रॉजर्स कॉल्डवेल या बँकव्यावसायिकाशी भागीदारी जुळली. कॉल्डवेल अँड कंपनी ही दक्षिणेतील सर्वांत मोठी गुंतवणूक पेढी होती. दोघांनी मिळून मेम्फिस आणि नॉक्सव्हिल येथील दैनिके विकत घेतली. वृत्तपत्रे, बँका, जमिनी आणि सरकार यांचे धागे एकमेकांत गुंतत गेले. राज्य सरकारच्या ठेवी कॉल्डवेलच्या बँकेत जमा होत होत्या. एका व्यवहाराचे तारण दुसऱ्या व्यवहारासाठी, दुसऱ्याचे तिसऱ्यासाठी, असा हा डोलारा होता. सर्व काही वेळेवर घडत राहिले, तरच तो तगणार होता. १८९९ मध्येही सगळे काही गाडीच्या वेळांवर अवलंबून होते आणि गाड्या वेळेवर धावल्या होत्या. या वेळी तसे घडले नाही.

१९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर वर्षभराने, नोव्हेंबर १९३० मध्ये कॉल्डवेल अँड कंपनी कोसळली. तिच्यासोबत दक्षिणेतील शंभराहून अधिक बँकांनी दारे बंद केली. टेनेसी सरकारचे साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम बुडाल्याने जनक्षोभ उसळला. गव्हर्नर हॉर्टन यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रयत्न झाला; ते थोडक्यात बचावले.

त्याच महिन्यात शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथील ‘सेंट्रल बँक अँड ट्रस्ट कंपनी’ बुडाली. सामान्य ठेवीदारांसोबत शहराचे आणि जिल्ह्याचे सार्वजनिक पैसेही तिच्यासोबत बुडाले. शहराच्या माजी महापौरांनी काही महिन्यांतच आत्महत्या केली. तेजीच्या काळातील आणि त्या पडझडीतील कर्जाचा शेवटचा हप्ता ॲशव्हिलने फेडला, तो १९७६ मध्ये. या एका तारखेवरून त्या संकटाची खोली ध्यानात यावी.

या बँकेच्या पैशांच्या अपहाराचा कट रचल्याच्या आरोपाखाली ल्यूक ली, त्यांचे ज्येष्ठ पुत्र ल्यूक ली (कनिष्ठ) आणि बँकेचे अध्यक्ष यांच्यावर ॲशव्हिल येथे खटला चालला. ऑगस्ट १९३१ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. ली यांना सहा ते दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्यांनी अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचेच सांगितले. त्यांच्या समर्थकांच्या मते हा राजकीय सूड होता आणि आर्थिक अरिष्टाला एक बळी हवा होता. न्यायालयांनी मात्र हा युक्तिवाद स्वीकारला नाही. जवळपास तीन वर्षे अपिले चालली. मे १९३४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, हा माजी सिनेटर आणि सन्मानित कर्नल रॅले येथील तुरुंगात कैदी म्हणून दाखल झाला. दरम्यान, १९३३ मध्ये त्यांचे दैनिकही त्यांच्या हातून जाऊन न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेले होते.

एप्रिल १९३६ मध्ये त्यांची पॅरोलवर सुटका झाली आणि १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नरांनी त्यांना पूर्ण माफी दिली. ‘टेनेसियन’ परत मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. १९३७ मध्येच ते दैनिक नव्या मालकाकडे गेले. उरलेली वर्षे ली नॅशव्हिलमध्येच राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शहरातील माउंट ऑलिव्हेट स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मागे उरले ते

ली यांच्या आयुष्याचे मूल्यमापन करताना दोन टोकांच्या भूमिका घेतल्या गेल्या. काहींना ते सूडाचे बळी वाटले, तर काहींना लोकांच्या पैशाशी खेळणारे सत्ताधीश. दोन्ही बाजूंनी एक फरक दुर्लक्षिला जातो. १८९९ च्या दौऱ्यात जोखीम होती, ती त्या डब्यात बसलेल्यांची होती. सिबेल्स यांचे डोके फुटले, ते त्यांनी स्वतः पत्करलेल्या खेळात. आमेरोंगेनच्या गढीत एका खोट्या शब्दाने काम झाले असते, तो शब्द ली यांनी उच्चारला नाही. परंतु कॉल्डवेलच्या डोलाऱ्यात ज्यांचे पैसे गुंतले होते, त्या ठेवीदारांना आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत, याची कल्पनाच नव्हती. धाडस तेच होते. त्याची किंमत मोजणारे बदलले होते.

नॅशव्हिलमध्ये त्यांच्या दोन खुणा आजही ठळकपणे दिसतात. त्यांनी सुरू केलेले दैनिक आजही निघते. १९२७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने शहराला उद्यानासाठी ८६८ एकर जमीन दान केली. त्या उद्यानाला स्वतःचे नाव न देता त्यांनी सासरे पर्सी वॉर्नर यांचे नाव देण्याची विनंती केली. पुढे त्यात भर पडत गेली आणि आज वॉर्नर उद्याने तीन हजारांहून अधिक एकरांवर पसरलेली आहेत. त्यांच्या वाटांवर फिरणाऱ्या बहुतेकांना दात्याचे नाव ठाऊक नसते.

सवानीच्या संघाचे पुढे काय झाले, हेही नोंदवण्याजोगे आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या मूळ सदस्यांत सवानी होते. पण काळ बदलला होता. मोठ्या विद्यापीठांच्या पैशापुढे आणि मनुष्यबळापुढे या छोट्या विद्यापीठाचा निभाव लागला नाही. कॉन्फरन्समधील एकही सामना न जिंकता १९४० मध्ये सवानी त्यातून बाहेर पडले. त्यानंतर विद्यापीठाने खेळाला त्याच्या जागी ठेवण्याचा मार्ग निवडला. आज सवानीचा संघ खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. टेक्सास, लुइझियाना, ऑबर्न यांचे संघ मात्र लाखभर प्रेक्षकांच्या भव्य मैदानांवर उतरतात. त्या सर्वांना एकाच हंगामात, त्यांतील दोघांना तर पाच दिवसांच्या आत हरवल्याची नोंद एका डोंगरमाथ्यावरील छोट्या विद्यापीठाच्या खात्यावर आहे. ती नोंद शक्य झाली, ती वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने तिकीटविक्रीच्या हिशेबाची वही समोर ठेवून आखलेल्या वेळापत्रकामुळे.